रांगेचं शेवटचं टोक

लटारूला पुढे चालायची हौस फार. गरिबाला हौस नसते असं ज्यांना वाटतं, त्यांनी गरीब माणूस जवळून पाहिलेलाच नसतो. लटारूने अर्धं आयुष्य गावची ढोरं राखली. ढोरं राखणाऱ्याला त्या मुलखात गायकी म्हणतात, आणि गायकी कधी पुढे चालत नाही. चामोर्शीच्या पूर्वेला जे रान लागतं, तिथला वाघ कळपाच्या तोंडाशी येत नाही. तो दबा धरून सगळा कळप पुढे जाऊ देतो आणि शेवटचं जनावर उचलतो. म्हणून लंगडं, गाभण, म्हातारं ढोर मधे घालायचं आणि गायक्याने सगळ्यांच्या मागे, धूळ खात चालायचं. पुढच्या ढोराच्या गळ्यात लाकडी घंटा असायची, तिच्या आवाजावर कळप चाले. संध्याकाळी गावाच्या तोंडाशी आलं की लटारू मोठ्याने विचारी, “सगळे आले का?” ढोरं काय बोलणार? पण विचारल्याशिवाय त्याला चैन पडत नसे.

तरुणपणी तो मिशनच्या साहेबांच्या हातून ख्रिस्ती झाला. बाप्तिस्म्यात त्याचं नाव योनाथान ठेवलं होतं, ते कुणाच्या जिभेवर बसलं नाही. लिहावाचायला तो मोठेपणी शिकला आणि शिकला तसा वेडावला. आवाज खणखणीत होता, प्रार्थनेला उभा राहिला की बायका डोळे पुसायच्या. तिथल्या ख्रिस्ती मंडळीचं मंदिर म्हणजे मातीच्या भिंती आणि वर कवेलू. आत भिंतीवर एक चित्र होतं. प्रभू हातात काठी घेऊन पुढे चालला आहे आणि मेंढरं त्याच्या मागे. लटारू त्या चित्राकडे तासन्‌तास बघायचा. ज्याने जन्मभर ढोरांची शेपटंच पाहिली, त्याला ते चित्र आवडलं तर नवल नाही.

साहेब चौपन्न सालच्या उन्हाळ्यात कायमचे मायदेशी गेले. पाळक, म्हणजे मंडळीचे धर्मगुरू, चामोर्शीला राहायचे आणि महिन्याकाठी एकदा बैलगाडीने यायचे. एरवी मंडळी सांभाळायला गावातलाच कुणी पुढारी हवा होता. अशा पुढाऱ्याला मंडळीत ‘वडील’ म्हणतात. सगळ्यांना वाटलं, तो मान गुणवंतरावांचा. त्यांची धानाची शेती मोठी, घर मोठं, पडवी मोठी आणि मंदिरात पहिली चटई त्यांची. साहेबांनी लटारूचं नाव घेतलं. आपला कंदील त्याच्या हातात दिला आणि म्हणाले की पाळणारा पुढे चालतो, बाकीचे त्याचा आवाज ओळखून मागे येतात. साहेब आत्म्याबद्दल बोलत होते. लटारूने कंदीलही घेतला आणि वाटही घेतली.

ती वाट रानातून जात होती. दोन टोल्यांची, म्हणजे दोन वस्त्यांची, एकच मंडळी. मंदिर कुणाच्या टोल्यात बांधायचं यावरून पूर्वी एवढं हातघाईवर आलं होतं की शेवटी ते दोन्हींच्या मधे, ना तुझ्या ना माझ्या, असं रानाच्या कडेला बांधलं गेलं. पलीकडच्या टोल्याला शेताच्या बांधावरून येता यायचं. लटारूच्या टोल्याच्या नशिबी बांबूचं बेट, नाला आणि दाट सागाचं रान आलं. रविवारी दुपारनंतर उपासना, आणि परत येताना सगळे एका रांगेत, कारण वाट एकाच माणसाच्या रुंदीची होती.

रांग कशी लागायची ते कुणी ठरवलं नव्हतं. म्हणजे कुणी तोंडाने ठरवलं नव्हतं. पुढे कंदील घेऊन लटारू. त्याच्या मागे गुणवंतराव. मग जुनी घरं, मग त्यांच्या बायका. आणि सगळ्यांत शेवटी पोचू आणि त्याची बायको सुकरी. ही दोघं आतल्या जंगलातल्या माडिया आदिवासींच्या टोल्यावरची, नुकतीच मंडळीत आलेली. प्रभूपुढे सगळे सारखे हे त्यांना मंदिरात सांगितलं जायचं. मंदिराबाहेर पडलं की त्यांची जागा त्यांना न सांगता कळायची.

आता हे लक्षात घ्या, की रांगेचं शेवटचं टोक म्हणजे काय ते त्या टोल्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. लटारूला तर सगळ्यांत जास्त ठाऊक होतं. तरी तो चकार शब्द बोलला नाही. बोलला असता तर पुढचा प्रश्न आला असता, की मग शेवटी कोण चालणार? त्या प्रश्नाचं उत्तर त्याच्यापाशी होतं आणि ते त्याला नको होतं. कंदील हातात छान बसला होता.

धानाची कापणी सुरू झाली आणि रान बदललं. नाल्याच्या रेतीत पंजे दिसू लागले. लटारू खाली बसून ते बघायचा. पुढचा एक पाय ओढत चालणारा, म्हातारा, म्हणजे चितळ धरायची ताकद सरलेला. गुणवंतरावांचा एक गोऱ्हा गेला. दिवसाढवळ्या वानरं झाडावर खेकसायची, आणि खाली बघावं तर काही नाही. वाटेवर टिटवी उगीच ओरडत उठली की रांगेतलं बोलणं बंद व्हायचं. जो तो पुढच्याच्या पाठीला चिकटून चालायचा. पोचूच्या पाठीला चिकटायला कुणी नव्हतं.

त्या रविवारी लटारूची प्रार्थना लांबली. त्याला स्वतःचाच आवाज गोड लागला, दुसरं काय. पाऊस आठवला, पीक आठवलं, देशाचे पुढारी आठवले, समुद्रापलीकडचे साहेब आठवले. दारातलं ऊन उंबऱ्यावरून सरकून अंगणात गेलं आणि मग अंगणातूनही गेलं. आमेन झालं तेव्हा कंदील लावावा लागला.

नाल्याच्या अलीकडे सुकरीला मागे खोकल्यासारखं काहीतरी ऐकू आलं. तिने वळून पाहिलं तर मागे वाट रिकामी. तिने नवऱ्याला हाक मारली, पुन्हा मारली, आणि मग ती एकटीच मागे धावली. बाकीचे होते तिथे उभे राहिले. सगळ्यांत पुढे लटारू उभा होता. कंदील त्याच्या हातात होता आणि उजेड समोरच्या रिकाम्या वाटेवर पडला होता. त्याने तो कंदील घेऊन मागे जायला हवं होतं. त्याचे पाय हलले नाहीत. सुकरी अंधारात ओरडत होती, आणि थोड्या वेळाने ती ओरडायचीही थांबली.

पोचू दुसऱ्या दिवशी सापडला, जेवढा सापडायचा तेवढा. मंदिरामागे त्याला पुरलं. लटारूने प्रार्थना केली, आणि ती इतकी आखूड होती की लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. मग एक शिकारी आला, मचाण बांधून बसला, पाहुणचार घेतला आणि वाघ निघून गेला असं सांगून परत गेला. वाघ गेला नव्हता. रेतीतले पंजे सांगत होते.

गुणवंतरावांनी तोडगा काढला. मंदिरात जायचंच कशाला? उपासना आपल्या पडवीत करू. सगळ्यांना तो पटला. भीतीला पटतं ते लवकर पटतं. लटारूनेही मान हलवली, आणि हे सांगायला तो सुकरीच्या झोपडीत गेला. ती वाळवलेली मोहाची फुलं निवडत बसली होती. तिने ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, की त्या पडवीत ती कुठे बसणार. गुणवंतरावांच्या पडवीत माडिया बाई चढली नव्हती आणि चढणारही नव्हती. तिच्यासाठी अंगण होतं.

सुकरीने फुलं बाजूला सारली. तिचा आवाज चढला नाही.

“भाऊ, ढोरायच्या मांगं चालत होते तुमी,” ती म्हणाली. “मानसायच्या पुढं काऊन चालता?”

लटारू उठला आणि बाहेर आला. घरी आल्यावर जेवला नाही. बायकोने, गुणाबाईने, विचारलं तर म्हणाला पोट भरलं आहे. त्या दिवसापासून लटारू खंगला. तो मंदिरात एकटा जाऊन त्या चित्रासमोर बसू लागला. वाघाच्या रानात एकट्याने जाणं म्हणजे शहाणपण नव्हे, पण गुणाबाईचं ऐकण्याच्या पलीकडे तो गेला होता. पूर्वी त्याला चित्रात प्रभू पुढे चाललेला दिसायचा. आता तो विचार करी, की प्रभू पुढे कशासाठी चालला आहे? मान म्हणून? गावकुसाबाहेर, क्रुसावर, त्याला कुठला मान मिळाला? तिथे तर त्याचं मरण वाट बघत बसलं होतं. हे इतकी वर्षं डोळ्यांसमोर होतं आणि दिसलं नव्हतं, याची लटारूला अशी लाज वाटली की तो तिथेच जमिनीवर डोकं टेकून रडला.

पुढच्या रविवारी मंडळी पडवीत जमायची होती. लटारूने सगळ्यांना मंदिराच्या वाटेवर बोलावलं. लोक कुरकुरत आले. त्याच्या गळ्यात ढोराची लाकडी घंटा होती, जुनी, दोरीने बांधलेली. कुणाला हसू आलं, पण त्याचं तोंड बघून ते विरलं. त्याने नवी रांग सांगितली. म्हातारे, लेकुरवाळ्या, पाय दुखणारे मधे. कंदील सुकरीच्या हातात, पुढे. आणि तो शेवटी. घंटा वाजते आहे तोवर मागे सगळं ठीक आहे असं समजायचं. वाजायची थांबली तर मागे फिरायचं नाही, पावलं उचलायची आणि टोला गाठायचा.

गुणवंतरावांचा चेहरा उतरला. ते म्हणाले की वडिलाची जागा पुढे असते, साहेबांनी तसंच सांगितलं होतं, आणि शास्त्रातही तसंच आहे. विधवा बाईच्या मागे मंडळीने चालायचं हे त्यांना काही कळत नव्हतं.

लटारू म्हणाला, “गुणवंतभाऊ, मरन जिकडं हाय, तिकडं पाळनाऱ्यानं राहावं. प्रभूच्या गावात ते समोर होतं, तो समोर गेला. आपल्या इथी ते मांगं हाय.”

सुकरीने कंदील घेतला. गुणवंतरावांना तिच्या मागे दुसऱ्या नंबरावर चालायचं नव्हतं आणि मंडळी सोडायचीही नव्हती. तेव्हा ते तरातरा मागे गेले आणि लटारूच्या पुढे, रांगेच्या उपान्त्य जागी रुसून उभे राहिले. रुसव्याने माणूस कुठे जाऊन उभा राहतो ते त्याला स्वतःलाही कळत नाही.

हिवाळाभर रांग तशी चालली. लटारूने उपदेश आटोपशीर केला. प्रार्थनेत आता समुद्रापलीकडचं कुणी येईना. ऊन असतानाच सगळे निघत. मागून घंटेचा ठोक ठोक असा जाड आवाज येत राही, आणि त्या आवाजावर बायका बोलू लागल्या, पोरं हसू लागली. गुणवंतराव मात्र हसत नसत. ते घंटेच्या इतके जवळ होते की घंटेमागचंही त्यांना ऐकू यायचं. पाचोळ्यावर काहीतरी पडल्याचा आवाज, मग बराच वेळ शांतता, मग पुन्हा. लटारू काठीने झाडाचं खोड बडवी आणि चालत राही. एकदा गुणवंतरावांनी दबक्या आवाजात विचारलं, मागे आहे का? लटारू म्हणाला की आहे, पण तो आपल्याआधीपासून या वाटेने चालतो, त्याची वाट आहे. गुणवंतरावांनी त्या रात्री उपास असल्यासारखं ताट परत पाठवलं.

घरी गुणाबाई भांडायची. म्हणायची, मंडळीत एवढे गडी आहेत, तूच का? आळीपाळीने चालावं. लटारूलाही ते पटायचं, आणि भीती त्याला वाटत नव्हती असं मुळीच नाही. घंटेची दोरी बांधताना गाठ दोनदा सुटायची. पण मला बदली द्या असं तो कुणाला म्हणाला नाही, आणि आपण होऊन कुणी पुढे आलं नाही. लोक त्याच्यावर माया करू लागले होते. त्याच्यासाठी पहिल्या धारेचं दूध येई, नवे पोहे येत. घंटा सोडून सगळं द्यायला ते तयार होते.

मळणीच्या दिवसांत प्रभुभोजनाचा रविवार आला. पाळक चामोर्शीहून निघाले खरे, पण वाटेत गाडीचं चाक मोडलं आणि ते पोचेपर्यंत सूर्य कलला. भाकर मोडून झाली, प्याला फिरला, तेव्हा बाहेर सावल्या एकमेकींत मिसळल्या होत्या. वानरं सकाळपासून खेकसत होती आणि दुपारनंतर एकाएकी गप्प झाली होती. लटारूला ते गप्प होणं आवडलं नाही. आजची रात्र सगळ्यांनी मंदिरातच काढावी, असं त्याने सांगितलं. पाळकही तेच म्हणाले.

गुणवंतराव अडून बसले. त्यांचं धान खळ्यावर उघडं पडलं होतं, डुकरांनी रात्रीत त्याची माती केली असती. त्यांनी म्हटल्यावर इतरांनाही आपापली ढोरं आठवली, घरी राहिलेली म्हातारी माणसं आठवली. लटारू सगळ्यांकडे पाहत राहिला. तो वडील होता, अडवू शकला असता. पण ही माणसं दोघातिघांनी मिळून, रांग मोडून, कंदिलाशिवाय निघतील हे त्याला दिसत होतं. त्याने खुंटीवरची घंटा काढली आणि गळ्यात बांधली. गाठ पहिल्याच वेळी बसली.

रांग नाल्यात उतरली, चढली. घंटा ठोक ठोक वाजत होती. बांबूचं बेट आलं. पुढे सुकरीने गाणं धरलं होतं, ते मागे येता येता विरळ होत होतं. गुणवंतराव आपल्या धानाचा विचार करत होते. आणि मग त्यांना कळलं की बऱ्याच पावलांपासून आपण घंटा ऐकलेली नाही.

ते चालत राहिले. नियम लटारूनेच घातला होता, ते मनाशी म्हणत राहिले, मागे फिरायचं नाही असं तोच म्हणाला होता. त्यांनी वळून पाहिलं नाही. पुढे मात्र गाणं तुटलं. कंदील थबकला, वळला आणि उलटा येऊ लागला. सुकरी एकेका माणसाला ओलांडत आली. लेकुरवाळ्यांना, म्हाताऱ्यांना आणि शेवटी गुणवंतरावांना. त्यांच्याकडे तिने पाहिलंही नाही. ती पुढे गेली आणि तिच्यामागे सगळी रांग वळली, आरडत, काठ्या झाडांवर आपटत, जी रांग पोचूसाठी वळली नव्हती ती.

एवढा गलका आणि उजेड बघून जनावराने त्याला सोडलं. लटारू बांबूत पडला होता. खांदा आणि मान गेली होती. धोतराची झोळी करून त्याला उचललं. गुणवंतरावांनी एक टोक धरलं. टोल्याच्या तोंडाशी आल्यावर त्याने डोळे उघडले.

“सगळे आले का?” त्याने विचारलं.

सुकरी म्हणाली की आले, सगळे आले. त्या दिवशी घरी राहिलेली गुणाबाई धावत येईपर्यंत तो संपला होता.

त्याला पोचूच्या शेजारी पुरलं. घंटा कुणीतरी धुऊन मंदिराच्या दाराशी खुंटीला अडकवली.

पुढच्या रविवारी मंडळी जमेल असं कुणाला वाटलं नव्हतं, पण जमली. बहुतेक जण लटारूसाठी आले असावेत, किंवा घरी बसून एकमेकांचं तोंड बघवत नसल्यामुळे. उपासना झाली. ऊन कलायला लागलं. सुकरीने कंदील उचलला आणि दाराबाहेर वाटेवर जाऊन उभी राहिली. तिच्यामागे बायका लागल्या, म्हातारे लागले, गडी लागले. रांग भरली आणि तिथेच उभी राहिली. कुणी खुंटीकडे बघेना. त्या आठवड्यात चामोर्शीला परत न गेलेल्या पाळकांनी चटया गुंडाळायला घेतल्या. रानात कुठेतरी एक वानर खेकसलं.

गुणवंतराव पहिल्या चटईवर अजून बसून होते. त्यांच्या खळ्यावरच्या धानाला डुकरं शिवलीसुद्धा नव्हती. ते उठले. खुंटीशी गेले. घंटेची दोरी धुऊनही रक्ताने कडकच राहिली होती, ती त्यांना लवकर बांधता येईना. गाठ सुटली, पुन्हा सुटली. शेवटी गुणाबाई रांगेतून मागे आली आणि तिने ती त्यांच्या मानेमागे बांधून दिली.

ते सगळ्यांच्या मागे जाऊन उभे राहिले. पुढे सुकरी वाट बघत होती. मागून पहिला ठोक ऐकू आला, तेव्हा तिने पाऊल उचललं. नाल्याच्या रेतीत सकाळचे ताजे पंजे होते, एक पाय ओढलेला. सगळ्यांनी ते पाहिले आणि सगळे ओलांडून गेले.